एस्प्रेसोसाठी हँड ग्राइंडर: पुण्यात तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

घरी एस्प्रेसो करायचं ठरवलं असेल, तर आधी ग्राइंडरचे पैसे बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत मशीन बघा. बहुतेक जण उलटं करतात. मशीन ओट्यावर दिसतं, पाहुणे त्याबद्दल विचारतात, त्यामुळे सगळं बजेट तिथेच जातं आणि ग्राइंडरची वेळ आली की हजार-दोन हजारांत काहीतरी शोधलं जातं. माझ्याकडे 58 मिमी पोर्टाफिल्टरचं (पूड भरून मशीनला लावायच्या दांडीवाल्या भांड्याचं) अगदी साधं, एकच बॉयलर असलेलं मशीन आहे. ते बदललेलं नाही. ग्राइंडर आल्यापासून त्याच मशीनमधून जी कॉफी निघते, ती पुण्यातल्या कुठल्याही चांगल्या कॅफेच्या शेजारी ठेवता येईल अशी आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी वनझेडप्रेसो या तैवानी कंपनीचा जे-अल्ट्रा घेतला. हा हाताने फिरवायचा ग्राइंडर आहे. आता पुढचा पावसाळा दारात आलाय. कोथरूडच्या घरात रोज सकाळी दोन आणि संध्याकाळी एक कप, असा त्याचा वापर झालाय. पावसाळी दमट हवा, डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी, एप्रिलची रखरख असं सगळं त्याने पाहिलंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

ग्राइंडर ‘बर’ (burr) प्रकारचाच का, हे थोडक्यात. मिक्सरच्या पात्यात दाणे फुटतात, दळले जात नाहीत. एकाच भांड्यात थोडा जाड रवा आणि थोडं पीठ, असा माल निघतो. एस्प्रेसोत पाणी साधारण 9 बार दाबाने कॉफीच्या थरातून जातं. थर असा विषम असला की पाणी मोकळ्या जागेतून वाट काढतं, बाकीची पूड तशीच राहते आणि कपात आंबट आणि कडू एकाच वेळी येतं. बर म्हणजे दोन दातेरी भाग, बहुतेकदा पोलादाचे. त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं आणि त्या अंतरातून बसेल तेवढाच कण खाली पडतो. शंकूसारखे कोनिकल आणि चकतीसारखे फ्लॅट हे त्याचे दोन प्रकार. चवीत फरक असतो, पण पहिला ग्राइंडर घेणाऱ्याने त्यात अडकू नये असं माझं मत आहे.

बघायचं ते हे: अंतर किती बारीक पायऱ्यांनी बदलता येतं? फिल्टर कॉफी किंवा मोका पॉटला (गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्याला) पायरी मोठी असली तरी चालतं. एस्प्रेसोला केसाएवढा फरक लागतो. टाइममोरचा सी2 फिल्टरसाठी छान ग्राइंडर आहे, पण त्याची एक क्लिक, म्हणजे डायलची एक पायरी, एस्प्रेसोसाठी फार मोठी पडते. एका क्लिकवर शॉट (एका वेळी काढलेला एस्प्रेसो) धो धो वाहतो, पुढच्या क्लिकवर थेंबथेंब गळतो, आणि हवा तो मधला मुक्काम मिळतच नाही. किंगग्राइंडरच्या के6 ला एका क्लिकला 16 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहेत, म्हणजे काम भागतं. जे-अल्ट्राला एका क्लिकला 8 मायक्रॉन, पूर्ण फेरीत 100 क्लिक. बर 48 मिमीचे, कोनिकल. माझ्या मशीनवर एक क्लिक म्हणजे शॉटच्या वेळेत दोन-तीन सेकंदांचा फरक. मला नेमकं हेच हवं होतं.

इलेक्ट्रिक ग्राइंडर मी नीट बघितले होते. बरात्झाच्या एनकोर ईएसपीमध्ये 40 मिमीचे कोनिकल बर आणि 40 पायऱ्या आहेत, त्यातल्या पहिल्या 20 खास एस्प्रेसोसाठी बारीक अंतराच्या. फ्लोरेन्सच्या युरेकाच्या मिन्यॉन ग्राइंडरमध्ये फ्लॅट बर असतात आणि पायऱ्या नसतातच, चाक हवं तिथे थांबवता येतं. डीएफ64 मध्ये 64 मिमीचे फ्लॅट बर. सगळे चांगले आहेत. पण इलेक्ट्रिकच्या किमतीत मोटर येते, सर्किट येतं, मोठी बॉडी येते, आणि मग बरच्या वाट्याला उरतं ते उरतं. हँड ग्राइंडरमध्ये जवळजवळ सगळा पैसा बर, बेअरिंग आणि मशीनिंगमध्ये जातो. तेवढ्याच पैशात दळण्याचा दर्जा एक पायरी वरचा मिळतो, आणि मोटरचं काम आपला हात करतो.

इथे पुणेकरांसाठी एक वेगळी सूचना. आपल्याकडे घरटी कुणीतरी अमेरिकेत असतं आणि डिसेंबरात येणाऱ्याच्या बॅगेत काहीतरी मागवायचा मोह होतो. इलेक्ट्रिक ग्राइंडर असा मागवू नका. तिकडचं मॉडेल 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं असतं, आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. जाडजूड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळेल, पण हर्ट्झ जुळत नाहीत, त्यामुळे साधी एसी मोटर ठरलेल्या वेगाने फिरत नाही. त्यातून वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. हँड ग्राइंडर मात्र कुठूनही आणा.

आता रोजचा वापर. मी 18 ग्रॅम दाणे वजन करून टाकते, कपात 36 ग्रॅम काढते, आणि वेळ 25 ते 30 सेकंदांच्या मध्ये बसवते. ही दोन वजनं मी बदलत नाही, फक्त ग्राइंड बदलते. नवं पाकीट उघडलं की पहिला शॉट साधारण असा येतो: सतरा-अठरा सेकंदांत कप भरतो, धार फिकट पिवळी, क्रेमा (वरचा फेस) पातळ, जिभेच्या कडांना आंबट झोंबतं. डायल तीन क्लिक बारीक. पुढचा शॉट पंचविशीला पोचतो, धार काळपट तांबडी सुरू होऊन हळूहळू सोनेरी होते, आंबटपणा संत्र्यासारखा गोडसर होतो. आणखी एक क्लिक घेते आणि चव बघते. शेवटी कडवटपणा रेंगाळला तर परत एक मागे. दोन किंवा तीन शॉटमध्ये पाकीट बसतं. ही एक-एक क्लिकची मजा ज्याने अनुभवली नाही, त्याला एस्प्रेसोची चव आपल्या हातात असते म्हणजे काय ते कळणं अवघड आहे. मला हा भाग मनापासून आवडतो.

त्यासाठी एक छोटी वही मशीनजवळ असू द्या. कॉफीचं नाव, रोस्टची (दाणे भाजल्याची) तारीख, डायलचा आकडा, सेकंद, एवढंच. डायल पूर्ण फेरीपेक्षा जास्त फिरते, त्यामुळे कितवी फेरी तेही लिहायचं. रोस्टची तारीख महत्त्वाची आहे, कारण ताज्या दाण्यांत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि तो हळूहळू निघून जातो. रोस्ट होऊन आठवडाभर झाल्यावर मी पाकीट उघडते. पुढे दिवस जातील तसा शॉट जलद होत जातो आणि दर काही दिवसांनी एक क्लिक बारीक करावं लागतं. ज्या पाकिटावर रोस्टची तारीख नाही, ते मी घेतच नाही.

हवामानाचा परिणाम मला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसला. जुलै-ऑगस्टमध्ये तेच दाणे, तेच वजन असूनही शॉट रेंगाळायला लागले. हवेतला दमटपणा पुडीत शिरतो, थर घट्ट बसतो. तेव्हा दोन क्लिक जाड ठेवून काम झालं. दाणे हवाबंद डब्यात असतील आणि दळून लगेच वापरत असाल तर हा फरक आटोक्यात राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा ओलं होतं, तिथे दळून ठेवलेल्या कॉफीचं काय होत असेल याचा विचार करा.

थंडी आणि उन्हाळ्यात उलट त्रास, स्टॅटिकचा, म्हणजे घर्षणाने तयार होणाऱ्या विद्युतभाराचा. कोरड्या हवेत दळलं की पूड आणि दाण्यांवरची पातळ सालं ग्राइंडरच्या खालच्या कपाच्या आत चिकटून बसतात, ओतताना ओटाभर उडतात. उपाय एकच आणि फुकटचा: चमच्याचं टोक पाण्यात बुडवून दाण्यांतून एकदा फिरवायचं, मग दळायचं. एवढ्या एका थेंबाने पूड शांतपणे खाली पडते. हा कॉफीवाल्यांचा जुना तोडगा आहे. 2023 मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो मोजून बघितला. दाणे घासून आणि फुटून विद्युतभार तयार होतो, दाण्यात ओलावा असला की तो कमी होतो, आणि पुडीच्या गुठळ्या कमी झाल्याने एस्प्रेसो जास्त एकसारखा उतरतो. गडद रोस्टचे दाणे जास्त कोरडे असतात, त्यामुळे स्टॅटिक तिथे जास्त. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं.

मेहनतीबद्दल स्पष्ट सांगते, कारण घेण्याआधी मलाही हीच शंका होती. मध्यम-गडद रोस्टचे 18 ग्रॅम मिनिटाच्या आत दळून होतात, आणि अजिबात जड वाटत नाही. मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी तर लोण्यासारखी जाते, कारण पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेला तो दाणा हलका आणि ठिसूळ असतो. पण चिकमगळूरकडची हलकी रोस्ट केलेली अरेबिका आणली की खरं काम पडतं. दाणा टणक असतो, शिवाय ग्राइंडही जास्त बारीक लागतो. ग्राइंडर थोडा तिरका धरून फिरवला तर दाणे बरमध्ये कमी कमी शिरतात आणि हात अडखळत नाही. सासूबाईंना मनगटाचं दुखणं आहे, त्यांना हे जमत नाही आणि त्यांनी प्रयत्न करूही नये. ज्या घरात सांधेदुखी आहे किंवा रोज पाच-सहा कप लागतात, तिथे हँड ग्राइंडर घेऊ नका. रविवारी चार पाहुणे आले की मलाही दोघांत वाटून दळावं लागतं.

आवाज जवळजवळ नाही. सकाळी सहाला मी दळते तेव्हा शेजारच्या खोलीत मुलगा झोपलेला असतो आणि उठत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना याची किंमत कळेल.

सासऱ्यांची फिल्टर कॉफीही आता यातच दळली जाते. पूर्वी ते दुकानातून चिकोरी घातलेली पूड आणायचे.
"बाबा, आजची कशी झालीय?"
"कडू नाहीये गं. पण थेंब पडायला वेळ लागतोय, उद्या जरा जाड दळ."
दुसऱ्या दिवशी दहा क्लिक जाड केल्यावर पितळी फिल्टर नीट गळला. आता वहीत त्यांच्या कॉफीचं वेगळं पान आहे. भारतात अरेबिकापेक्षा रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात जास्त पिकते, आणि बाबांना थोडी रोबस्टा मिसळलेलीच आवडते. एस्प्रेसोतही तिचा पाव हिस्सा घातला की क्रेमा दाट येतो, दुधाच्या कॉफीत चव दबत नाही. आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफी होते. ती या ग्राइंडरमधून काढून बघायची माझी फार इच्छा आहे.

साफसफाई सोपी आहे, फक्त नियमित हवी. रोज दळून झालं की खाली दोन टिचक्या आणि ब्रशचा एक हात. आठवड्यातून एकदा बर बाहेर काढून कोरड्या ब्रशने घासते आणि कॅमेऱ्याच्या ब्लोअरने फुंकते. पावसाळ्यात हे चुकवू नका, दमट हवेत अडकलेल्या पुडीतलं तेल लवकर खवट होतं आणि तो वास थेट कपात येतो. बरला पाणी लावायचं नाही. तांदूळ दळून साफ करायचा सल्ला अनेक जण देतात, तो ऐकू नका. कच्चा तांदूळ कॉफीच्या दाण्यापेक्षा कितीतरी कठीण असतो, त्याने बर आणि दांड्यावर नको तेवढा ताण येतो.

पूड पोर्टाफिल्टरमध्ये घेतल्यावर ती बारीक सुयांनी ढवळून घ्या, गुठळ्या मोडतात. बाजारात यासाठी महाग साधन मिळतं. मी बाटलीच्या बुचात अॅक्युपंक्चरच्या चार-पाच सुया खोचल्या आहेत, काम तेच होतं. 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा मात्र हवाच.

आणि एक गोष्ट ग्राइंडर मागवायच्या आधीच तपासा. घरगुती मशीनबरोबर बऱ्याचदा दुहेरी तळाची बास्केट (पोर्टाफिल्टरमधली पूड भरायची वाटी) येते, जिच्या तळाला बाहेरून एकच बारीक भोक दिसतं. तिथे दाब त्या भोकामुळे तयार होतो, त्यामुळे पूड कशीही दळली तरी फेस येतो आणि चांगल्या ग्राइंडरचा फरक जवळजवळ कळत नाही. तुमच्याकडे तशी असेल तर मशीनच्या मापाची एकेरी तळाची बास्केट ग्राइंडरबरोबरच मागवा.