फक्त क्रिएटिनिन दाखवणाऱ्यांपासून सावध रहा (किडनी पेशंटच्या घरच्यांनी नक्की वाचा)

बाबांना किडनीचा जुना आजार आहे, स्टेज ४. ओळखीतून एक "किडनी तज्ज्ञ" फोनवर भेटला, काढा, पावडर आणि जेवणात टाकायचं स्पेशल मीठ असा कोर्स देतो, पैसे आधी. अटी दोनच, हॉस्पिटलच्या सगळ्या गोळ्या बंद आणि महिन्याने फक्त क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की याचा आकडा वाढतो) करायचं, बाकी टेस्टवर उगाच खर्च नको म्हणे.

आणि क्रिएटिनिन खरंच उतरलं! ४.२ चं ३.५. त्याने लगेच रिपोर्टचा फोटो मागवून घेतला आणि पुढच्या कोर्सचे पैसे पण घेतले.

हे कसं होतं ते नंतर नेफ्रोलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) समजावलं, तेच मुख्य सांगायचंय. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी किडनीच्या गाळण्यांमधलं प्रेशर कमी ठेवते, त्यामुळे क्रिएटिनिन किंचित जास्त दिसतं पण किडनी जास्त वर्षं टिकते. ती बंद केली की आकडा काही दिवस खाली येतो आणि आतून गाळण्या जास्त झिजतात. दुसरं म्हणजे क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, त्या माणसाच्या कडक पथ्याने बाबा इतके वाळले होते की तयारच कमी होत होतं, म्हणजे किडनी सुधारली नव्हती, बाबा खंगले होते. या माणसाला हे सगळं माहीत होतं, म्हणून तर बाकी टेस्ट नको होत्या ना!

मग एक दिवस बाबांच्या पायातलं त्राणच गेलं, उठता येईना, धाप लागलेली. कॅज्युअल्टीत पोटॅशियम ६.८ निघालं (नॉर्मल साधारण ३.५ ते ५), ईसीजी बिघडलेला, बायकार्बोनेट (रक्तातलं ॲसिड आवरणारा क्षार) १४, ते २२ च्या वर पाहिजे. कॅल्शियमचं इंजेक्शन, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन आणि रात्रीच डायलिसिस, हृदय बंद पडायची वेळ आली होती. ते स्पेशल मीठ म्हणजे कमी सोडियमचं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड, जे किडनीच्या पेशंटला नीट बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं ॲसिड आवरायला जी सोडाबायकार्बची गोळी चालू होती ती पण याने बंद करायला लावलेली, आणि ॲसिड वाढलं की पेशींमधलं पोटॅशियम अजून रक्तात येतं. काढ्यात काय होतं ते आजपर्यंत कळलं नाही, डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

फॉस्फरस पण वाढलेलं, हिमोग्लोबिन उतरलेलं. यातलं एकही त्याने कधी विचारलं नाही.

पैसे परत मागितले तर नंबर ब्लॉक. राग याचा येतो की बाबांच्या रिपोर्टमधली तेवढीच ३.५ ची ओळ कापून तो अजून नवीन पेशंटना पाठवतोय, आमच्याच एका नातेवाईकांना आली. तुम्हाला असा फोटो आला तर त्याच तारखेचं पोटॅशियम आणि बायकार्बोनेट मागा, आणि गोळ्या बंद करायच्या आधी स्वतःच्या डॉक्टरांना फोन करा.