बारावीनंतर पोराला कुठं धाडायचं? वसतिगृह, स्कॉलरशिप की निवासी तयारी

मे महिना लागला की माझा फोन सुरू होतो. सर, पोरीला ७८ टक्के पडले, पुण्याला धाडायचं म्हणलं तर खर्च झेपत नाही, कोणीतरी एका संस्थेचं नाव सांगितलंय, फॉर्म भरू का? मी परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे आणि आमच्या घरातून कॉलेजला गेलेला पहिला मीच, त्यामुळं लोक हक्काने विचारतात. दरवेळी प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगतो, म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून काढतोय.

आपण या सगळ्यांना "गरीब पोरांना मदत करणाऱ्या संस्था" असं एकाच नावाने ओळखतो, पण कामं फार वेगवेगळी आहेत. काही जण चांगल्या कॉलेजात अॅडमिशन मिळेपर्यंत तयारी करून घेतात, काही जण अॅडमिशन झाल्यावर तीन-चार वर्षं सोबत राहतात. आणि आमच्याकडची पोरं मी पाहतो तर जास्त करून अॅडमिशन झाल्यावरच गळतात. आमच्या गावातली एक मुलगी इंजिनिअरिंगला गेली, पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले, सगळं इंग्रजीत, घरी सांगायची लाज, त्यात स्कॉलरशिप आली नाही म्हणून परीक्षेचा फॉर्मच भरता येणार नाही असा तिचा समज झाला, ऑफिसात विचारायची हिंमत झाली नाही आणि तारीख निघून गेली. ती दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. एटीकेटी घेऊन, म्हणजे राहिलेले विषय सोबत ठेवून, पुढच्या वर्षाला जाता येतं हेसुद्धा तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला हे सगळं वर्षभराने कळलं आणि ते अजून मनातून जात नाही. म्हणून मी कुठलीही संस्था याच नजरेने बघतो, की दुसऱ्या सेमिस्टरला पोरगं अडकलं तर कोणाला कळेल?

पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती घ्या. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली सुरू केलेली, खेड्यातल्या गरीब पोरा-पोरींसाठी वसतिगृहं चालवते. इथं वेगळा मेंटर, म्हणजे वाट दाखवणारं माणूस, फारसा लागतच नाही कारण शेजारच्या कॉटवर तुमच्याच कॉलेजातला एक वर्ष पुढचा मुलगा झोपतो, तो नोट्स देतो, कुठला फॉर्म कधी भरायचा ते सांगतो. वसतिगृहातली कामं पोरांना स्वतः करावी लागतात, कमवा आणि शिका आहे, शिस्त आहे. काही पोरांना पहिले दोन महिने ते जड जातं, घरी फोन करून रडतात, पण मी ओळखतो त्यातली बहुतेक टिकली आणि डिग्री घेऊन बाहेर पडली. अडचण एवढीच की पुण्यात अॅडमिशन तुमची तुम्ही मिळवायची, जागा मर्यादित, मुलाखत होते.

लीला पूनावाला फाउंडेशनचं वेगळं आहे. ते फक्त मुलींसाठी, आणि ठरावीक जिल्ह्यांतल्या कॉलेजांसाठी, पुण्यासोबत विदर्भातही वर्धा, अमरावती, नागपूर या भागात त्यांचं काम आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा कोर्सला स्कॉलरशिप मिळते आणि तिच्यासोबत इंग्रजी, मुलाखतीची तयारी, कंपनी बघायला नेणं, आधीच्या मुलींची ओळख, असं सगळं येतं. या मुली स्वतःला लीला गर्ल्स म्हणवतात, आणि त्यातल्या एकीला मी पहिल्या वर्षी भेटलो होतो तेव्हा ती मान वर करून बोलत नव्हती, शेवटच्या वर्षी मला तिने कॉलेजच्या गेटपासून लॅबपर्यंत सगळं हिंडून दाखवलं. पण राहायची सोय तुमची तुम्ही बघायची, हे समितीपेक्षा इथलं मोठं वेगळेपण. आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक कोर्सला अॅडमिशन मिळाली तर शिक्षण शुल्क माफ आहे, त्यामुळं मुलींच्या बाबतीत आता फीपेक्षा खोली, मेस आणि सोबत याचा विचार आधी करा असं माझं मत झालंय.

तिसरा प्रकार म्हणजे अॅडमिशनआधीची निवासी तयारी. वर्ध्याची नालंदा अकॅडमी अनूप कुमार यांनी २०१३ साली सुरू केली, यवतमाळहून २०१७ मध्ये सुरू झालेली एकलव्य इंडिया फाउंडेशन राजू केंद्रे यांची, ते स्वतः बुलडाण्यातल्या लोणार तालुक्यातल्या खेड्यातले. दोघांचा भर अशा पोरांवर ज्यांच्या घरात कोणी कॉलेज बघितलेलं नाही, आणि दोघंही अशा संस्थांकडे नेतात ज्यांची नावंच आपल्या गावात पोचलेली नसतात, मुंबईची समाजविज्ञान संस्था टिस, अझीम प्रेमजी विद्यापीठ, दिल्ली आणि हैदराबादची केंद्रीय विद्यापीठं. बारावी झाली की डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, नाहीच जमलं तर डीएड, यापलीकडं आपण बघत नाही, तिथं ही माणसं सांगतात की समाजशास्त्र, विकास, धोरण हे पण शिकता येतं आणि त्यातून चांगली नोकरी मिळते. शिकवायला बऱ्याचदा त्याच विद्यापीठांतली पोरं येतात, त्यामुळं तिथं गेल्यावर ओळखीचे चेहरे असतात, आणि दिल्लीला पहिल्यांदा उतरलेल्या वाशिमच्या पोराला स्टेशनवर घ्यायला कोणी येणं ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र घरच्यांची तयारी लागते, पोरगं लांब जाणार आणि कधीकधी वर्षही मोडणार.

मेडिकल किंवा आयआयटीच डोक्यात असेल तर गोष्ट बदलते. नवोदयच्या पोरांसाठी दक्षणा फाउंडेशन आहे, परीक्षा घेऊन निवडतात, खेड तालुक्यात कडूसला त्यांचा निवासी कॅम्पस आहे आणि पोराला सगळं मोफत. नीटसाठी पुण्यात बीजे मेडिकलच्या पोरांनी २०१५ साली सुरू केलेलं लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट आहे, मेळघाटच्या आदिवासी पोरांसाठीही ते काम करतात, शिकवणारे स्वतः डॉक्टर झालेले किंवा होणारे. दोन्हीकडं मुख्य जोर परीक्षेवर, म्हणून कॉलेजात गेल्यावर सोबत कोण, हे पालकांनी वेगळं बघून ठेवायचं.

सरकारी योजना यांच्या जागी येत नाहीत पण सोबत जोडता येतात. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या पोरांना स्वाधार आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांत ५१ हजार, इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार. तशीच आदिवासींना स्वयम योजना, ओबीसींना आधार योजना. महाज्योती या सरकारी संस्थेकडून ओबीसी आणि भटक्या-विमुक्त पोरांना जेईई-नीटसाठी टॅब आणि डेटा मिळतो. एवढं मात्र ध्यानात ठेवा, यातून पैसे येतात, पोराला फोन करून काय चाललंय ते विचारणारं माणूस येत नाही.

यंदा मला तिघांनी विचारलं. शांत स्वभावाची मुलगी, अॅडमिशन पुण्यात, घरी चार एकर कोरडवाहू, तिच्या वडलांना मी आधी समितीचा फॉर्म आणि सोबत लीला पूनावालाचाही भरायला सांगितला, कारण एकाने राहायचा प्रश्न सुटतो आणि दुसऱ्याने पुढची वाट दिसते. मुलगा आर्ट्सचा, वाचायचं वेड, पण घरचे म्हणतात बीए करून काय होणार, त्याला मी वर्ध्याच्या नालंदाशी बोलून घे म्हणलं, गरज पडली तर त्याच्या घरी मी स्वतः जाऊन बसेन. तिसऱ्याला नीटला कमी पडले आणि परत द्यायचीय, त्याला लिफ्टचं सांगितलं पण अट घातली की हे एकच वर्ष, आणि बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म पण भरायचा, कारण तीन-तीन वर्षं रिपीट करून पोरं आतून मोडलेली मी बघितलीत.

फॉर्म भरण्याआधी त्या संस्थेतल्या दुसऱ्या वर्षाच्या पोराचा नंबर मागा आणि त्याला थेट विचारा, तू नापास झालास तेव्हा कोणी काय केलं. एवढ्या एका प्रश्नात माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं. आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, जात पडताळणी यांचे अर्ज बारावीच्या निकालाची वाट न बघता आत्ताच टाकून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर सकाळी सातपासून रांग असते.