जुनी मोटरबोट: समुद्रावरची घ्यावी की धरणावरची?

नाशिकमध्ये राहून जुनी मोटरबोट शोधायला लागलं की दोनच प्रकारच्या बोटी समोर येतात. एक अलिबाग-मांडव्याच्या बाजूची, खाऱ्या पाण्यात चाललेली, चकाचक, आणि वयाच्या मानाने स्वस्त. दुसरी कुठल्यातरी धरणावर चाललेली, उन्हाने रंग उडालेली, दोन-चार वर्षांनी जास्त जुनी, तरी मालक किंमत खाली आणत नाही. मी दोन्ही वापरल्या आहेत. आधी समुद्रावरची घेतली, दोन हंगाम चालवली, विकली आणि मग धरणावरची घेतली. दोन्हींची लांबी साधारण 16 फूट, दोन्हींवर 40 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं, इंजिन. दोन बोटींवरून सगळ्या बोटींची पारख होत नाही हे मान्य, पण घेणाऱ्याला थोडा उपयोग व्हावा म्हणून लिहितो आहे.

टू-स्ट्रोक मी विचारातच घेतलं नव्हतं. गंगापूर धरणाचं पाणी नाशिक शहर पितं, आणि जुनं टू-स्ट्रोक न जळलेलं पेट्रोल आणि ऑईल धुराबरोबर त्याच पाण्यात सोडतं. ते मनाला पटलं नाही.

आधी बोटीच्या अंगाचं बोलतो, कारण तिथे समुद्रावरची बोट उजवी ठरते. फायबर कुजत नाही असं आपण धरून चालतो. पण इंजिन ज्या मागच्या फळीला टांगलेलं असतं, ती ट्रान्समची फळी जुन्या बोटींत बहुधा आतून प्लायवूडची असते, बाहेरून फक्त फायबरचे थर. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की आतला प्लाय भुसभुशीत होतो आणि बाहेरून काही कळत नाही. लाकूड कुजायला खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी जास्त कारणीभूत होतं, कारण मीठ बुरशीला आवर घालतं. धरणावरच्या बोटी तर पावसाळाभर फाटक्या ताडपत्रीखाली पडून असतात आणि आत वीतभर पाणी साचलेलं असतं. मी पाहिलेल्या धरणावरच्या पाच बोटींपैकी दोन मी ट्रान्सम बघूनच सोडल्या.

बघायची रीत सोपी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने फळीवर वीत-वीत अंतराने ठोकत जायचं. चांगली फळी टणक आवाज देते, कुजलेली बद्द वाजते. मग इंजिनाचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबायचा आणि दुसऱ्या माणसाला फळीवर नजर ठेवायला सांगायचं. फळी लवली किंवा बोल्टांच्या कडेने तांबूस पाणी पाझरलं, तर तिथेच थांबावं. कायम पाण्यात तरंगत ठेवलेल्या बोटीच्या तळाला फोडही येतात, आणि तेही गोड्या पाण्यात जास्त. मालकाची परवानगी असेल तर एखादा फोड टोचून बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी फायबरच्या थरांत मुरलं आहे असं समजा.

अजून एक तपासणी आपल्याकडे सहज होते, ती मात्र फारसं कोणी करत नाही. बोट ट्रेलरवर असेल तर वजनकाट्यावर न्या. पिंपळगावला कांदा-टोमॅटोच्या गाड्या ज्या काट्यावर चढतात, त्याच काट्यावर मी माझी बोट चढवली. आधी बोटीसकट, मग नुसता ट्रेलर. बांधणाऱ्याच्या पट्टीवर लिहिलेलं वजन आणि इंजिनाचं वजन यांची बेरीज करून बघितली. समुद्रावरची बोट 70 किलोने जास्त भरली होती. फरशीखालचा फोम पाणी प्यायला होता, आणि हे मला खरेदीनंतर कळलं. धरणावरची 20-25 किलोने जास्त भरली, तेवढं मी चालवून घेतलं.

आता इंजिन. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, दोन्हींचं चांगलं होतं. सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, एवढं बघितलं की पुरे. बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या झाकणाला आधी हात लावा. इंजिन कोमट लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच ते चालू करून बघितलंय, म्हणजे थंड इंजिन कसं उचलतं हे तुम्हाला दिसणार नाही. गिअरच्या भागातला खालचा स्क्रू सैल करून दोन थेंब ऑईल कागदावर घ्या. दुधाळ, चहासारखं दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी आहे. धरणावरच्या बोटीत हे हमखास तपासा. धरणात जाळी पसरलेली असतात, त्यांचा नायलॉनचा दोरा पंख्यामागे (प्रोपेलरमागे) गुंडाळला जातो आणि सील कापतो. माझ्या बोटीचा पंखा काढल्यावर तिथे हिरव्या दोऱ्याचं कडं निघालं. सील नशिबाने शाबूत होतं.

मला निर्णय बदलायला लावला तो बोल्टांनी.

समुद्रावरची बोट घेतली तेव्हा इंजिन पाच वर्षांचं होतं, रंग नवा, आवाज गोड. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात इंजिनाच्या कडेने पडणारी पाण्याची धार बारीक झाली. ती धार नीट पडते आहे म्हणजे इंजिन थंड होतंय. बारीक झाली म्हणजे बहुतेक पंपातला रबरी इम्पेलर झिजलाय. दर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचा भाग, तासाभराचं काम. त्यासाठी खालचा गिअरचा भाग उतरवावा लागतो आणि तो मोजक्या बोल्टांवर बसवलेला असतो. चार निघाले. पाचव्याला पाना लावला की तो थोडा फिरल्यासारखा वाटायचा, आणि हात सैल केला की परत जागेवर. बोल्ट सुटत नव्हता, नुसता पिळवटत होता. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आता जोर लावला तर मुंडी हातात येईल." गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरवलं, सकाळी टॉर्चने आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम तापवलं, तरी मुंडी हातातच आली. तुटलेल्या तोंडाभोवती खडूच्या चुऱ्यासारखी पांढरी भुकटी होती.

ती भुकटी म्हणजेच सगळं दुखणं. इंजिनाचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेसचा. दोघांमध्ये खारं पाणी आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची भुकटी फुगून आट्यांमध्ये घट्ट बसते. विकणाऱ्याने मला सांगितलं होतं, "धरणाच्या गोड्या पाण्यात चालवली की मीठ आपोआप धुऊन जाईल." पाणी खेळतं तिथलं मीठ धुऊन जातही असेल. आट्यांत बसलेली भुकटी मीठ नसते, ती पाण्यात विरघळत नाही.

मग तुटलेला बोल्ट ड्रिलने काढायला गेलो. स्टेनलेस कडक, अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिल मऊ बाजूला घसरतं आणि भोक तिरकं पडतं. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये जिग, म्हणजे ड्रिल सरळ धरणारा साचा, बांधून तो बोल्ट काढला, आटे गेले होते म्हणून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवला. काम उत्तम झालं, पण बोट आठ दिवस बंद. पुढे थर्मोस्टॅटच्या (इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेच्या) झाकणाचे दोन, एक्झॉस्टच्या बाजूचा एक, मग पुन्हा खालचेच दोन. दोन हंगामांत सहा बोल्ट तुटले. इंजिनात खरा बिघाड एकदाही झाला नाही, प्रत्येक वेळी साधी देखभाल करायला गेलो आणि तिथेच अडकलो. किनाऱ्यावर असे बोल्ट रोज काढणारे मिस्त्री आहेत. इथे नाहीत. एकदा इंजिन पिकअपमध्ये घालून कसारा घाट उतरलो, तेव्हा भाडं आणि दोन दिवस मिळून बोल्टाच्या शंभरपट खर्च झाला.

बोटीचा ट्रान्सम कुजला तर अंबडमध्ये फायबरचं काम करणारी चांगली माणसं आहेत, ती फळी बदलून देतात. म्हणजे धरणावरच्या बोटीचं दुखणं नाशिकमध्ये बरं होतं, समुद्रावरच्या बोटीचं होत नाही. माझ्या मते निवड इथेच होते.

तरी सरसकट म्हणत नाही. एखाद्या मालकाने दर फेरीनंतर दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्याने इंजिन धुतलं असेल, वर्षातून एकदा बोल्ट काढून मरीन ग्रीस लावून परत बसवले असतील, तर अशी समुद्रावरची बोट मीही घेईन. अडचण एवढीच की नव्या रंगाखाली हे दिसत नाही. काही खुणा मात्र दिसतात. इंजिनाला लावलेला जस्ताचा अ‍ॅनोड हा स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवण्यासाठी असतो. पाच वर्षं समुद्रात चाललेल्या बोटीवर तो गुळगुळीत आणि अख्खा दिसला, तर एकतर काल बदललाय, नाहीतर त्याने कधी काम केलेलंच नाही. अशी बोट धरणात आणलीत तर अ‍ॅनोडही बदलावा लागतो. गोड्या पाण्यात जस्त निकामी होतं, मॅग्नेशियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा लागतो. ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे गंजून पापुद्रे निघत असतील तर इंजिनही किती धुतलं असेल याचा अंदाज येतो.

समुद्रावरची बोट नाशिकला आणली की थोडी सुस्तही वाटते. आपण सुमारे 600 मीटर उंचीवर आहोत. हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद पाच-सहा टक्के कमी पडते. समुद्रसपाटीसाठी निवडलेला पंखा इथे जड होतो आणि पूर्ण थ्रॉटलला आरपीएम गाठत नाही. मी एक इंच कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोट थोडी कमी पुढे ढकलणारा, पंखा लावल्यावर फरक पडला. तो खर्च आधीच धरून ठेवा.

धरणावरच्या बोटीत पंख्याखालचा पातळ पर, म्हणजे स्केग, नीट बघा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुगवट्यातले खडक वर येतात आणि स्केग तिथे आपटतो. तुटलेला स्केग वेल्डिंगने भरून निघतो, पण पंख्याचा शाफ्ट वाकला असेल तर बोट सोडा. पंखा काढायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा आणि टोकाकडे बघायचं; टोक जागेवर फिरलं पाहिजे, गोल काढता कामा नये. पेट्रोलच्या नळ्या मात्र दोन्ही बोटींत बदलूनच टाका. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर नरम करतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर बसवा.

कागदपत्रांचं थोडक्यात: 2021 च्या इनलँड व्हेसल्स कायद्याप्रमाणे नोंदणी आणि सर्वेक्षण आहे का, इंजिनावरचा नंबर बिलाशी जुळतो का, कर्ज फिटलंय का, हे बघा. धरणात बोट उतरवायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. ती बोटीबरोबर मिळत नाही, आधी तुमची तुम्ही काढा आणि मगच पैसे द्या.

दुसऱ्या वेळी बोट बघायला निघालो तेव्हा मी खिशात रिंग पाना ठेवला होता. प्रत्येक मालकाला एकच विनंती केली, थर्मोस्टॅटच्या झाकणाचा कुठलाही एक बोल्ट माझ्यासमोर सोडवून दाखवा. समुद्रावरच्या एका बोटीचे मालक म्हणाले, इंजिनाला हात लावायचा नाही. त्यांचंही चूक म्हणत नाही, तुटला असता तर भुर्दंड त्यांनाच होता. धरणावरच्या बोटीचे काका मात्र म्हणाले, "थांबा, माझाच पाना आणतो." त्यांनी पाना लावला, कट्ट असा बारीक आवाज आला आणि पुढे बोल्ट बोटांनी फिरत बाहेर आला. आट्यांवर ग्रीस होतं, जुनं, मधाच्या रंगाचं, पण ओलं. बोटीचा रंग पार उडालेला होता, सीटचं रेक्झिन फाटलेलं होतं, आणि इंजिन नऊ वर्षांचं होतं. मी तो बोल्ट तसाच परत बसवला आणि किमतीचं बोलायला सुरुवात केली.