जळगावात जुन्या इंजिनाची पारख

अजिंठा चौफुलीजवळच्या या गॅरेजमध्ये मी १९६९ च्या शेवरोले कॅमॅरोचे इंजिन मूळचेच आहे का, हे तपासून घेतले. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या, मागील कडेवरचा ३९७००१० हा ओतीव क्रमांक पाहूनच मिस्त्रींनी होकार दिला नाही, कारण तोच क्रमांक १९७० च्या दशकातील ब्लॉकवरही आढळतो आणि ओतकामाच्या तारखेत वर्षाचा एकच अंक असल्याने ‘९’ म्हणजे १९६९ की १९७९, हे त्यावरून ठरत नाही. त्यांनी उजव्या हेडसमोरच्या (हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण) सपाट जागेवर ठोकलेला क्रमांक चेसिस क्रमांकाशी ताडून पाहिला आणि कारखान्यातील यंत्राने उमटलेल्या बारीक रेषा भिंगातून दाखवल्या. पृष्ठभाग पुन्हा घासला की त्या नाहीशा होतात, म्हणून त्या शाबूत असणे ही तो क्रमांक नंतर बदललेला नसल्याची खूण. इतकी चिकाटी खानदेशात मला अन्यत्र आढळली नाही. लेखी अहवाल मात्र मिळत नाही, आणि तो मिळायलाच हवा.