५२९ मध्ये पैसे उरलेत? रॉथ, धाकटं भावंडं, की सरळ काढून घ्यायचे

अमेरिकेत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मूल रांगत असतानाच ५२९, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी टॅक्स-सवलतीचं बचत खातं, उघडलेलं असतं, मग मुलीला स्कॉलरशिप मिळते किंवा मुलगा स्टेट युनिव्हर्सिटीत जातो आणि खात्यात बक्कळ पैसे उरतात. सगळ्यात आधी, घाई करू नका. अमुक वयापर्यंत पैसे संपवाच असा फेडरल नियम नाहीये.

मूल नोकरीला लागलं असेल तर माझी पहिली पसंती रॉथ आयआरएला, म्हणजे रिटायरमेंटच्या बचत खात्याला. २०२४ पासून ५२९ मधले पैसे टॅक्स, पेनल्टी न लागता तिकडे नेता येतात, पण अटी नीट बघा: खातं किमान १५ वर्षं जुनं हवं, गेल्या ५ वर्षांत भरलेली रक्कम चालत नाही, रॉथ मुलाच्याच नावावर हवं आणि त्या वर्षी त्याची स्वतःची तेवढी कमाई हवी. वर्षाला रॉथची जी लिमिट असेल तेवढेच जातात, २०२५ मध्ये ती ७,००० डॉलर होती, त्यात पोराने स्वतः २,००० टाकले असतील तर ५२९ मधून ५,०००च. आयुष्यभराची मर्यादा ३५,०००, म्हणजे काम पाचेक वर्षं चालणार, पण बावीस-तेविसाव्या वर्षी रिटायरमेंटचा पाया घातला जातो हे केवढं मोठं आहे! काही स्टेट मात्र हे मानत नाहीत, आपल्या स्टेटचं आधी बघून घ्या.

धाकटं भावंडं असेल तर बेनिफिशियरी (ज्याच्या शिक्षणासाठी खातं आहे तो) बदलणं सगळ्यात सोपं, एक फॉर्म भरला की झालं, चुलत-मावस भावंडंही चालतात, तुम्ही स्वतःसुद्धा. फक्त धाकट्याचं स्वतःचं ५२९ आधीच भरलेलं असेल तर तिथेही पैसे उरणारच, मग रॉथच बरं.

मास्टर्सचा विचार असेल तर पैसे तसेच राहू द्या. भारतात शिकायचं असेल तर त्या कॉलेजला फेडरल स्कूल कोड (अमेरिकन सरकारच्या स्टुडंट एडच्या यादीतला नंबर) आहे का ते तपासा, नसेल तर तो खर्च धरत नाहीत. स्टुडंट लोन असेल तर एका मुलामागे एकूण १०,००० फेडता येतात.

आता शिक्षण सोडून इतर कशासाठी पैसे काढून घेणं. १०% पेनल्टी ऐकून लोक घाबरतात, पण ती पूर्ण रकमेवर नसते हो. समजा खात्यात ४०,००० आहेत, त्यातले २४,००० तुम्ही भरलेले. १०,००० काढले तर त्यातले ४,००० गुंतवणुकीवरचा नफा धरला जातो, त्याच्यावर इन्कम टॅक्स आणि ४०० पेनल्टी, बाकीचे ६,००० तुमचेच. कॅलिफोर्नियात अजून २.५% लागतात, आणि जिथे पैसे भरताना स्टेट टॅक्सची सूट घेतली असेल तिथे ती परत मागू शकतात. स्कॉलरशिप मिळालेली असेल तर तेवढ्या रकमेपुरती फेडरल पेनल्टी माफ, टॅक्स मात्र भरावाच लागतो. हे पैसे मुलाच्या नावाने काढले तर टॅक्स त्याच्या नावावर लागतो, त्याचा स्लॅब कमी असेल तर फायदा होतो, पण तो २४ च्या आतला फुल-टाइम स्टुडंट असेल तर किडी टॅक्स नावाच्या नियमामुळे तुमचाच रेट लागू शकतो.