टाका बिघडला की यंत्र काय सांगते: एका घरगुती भरतकाम यंत्राचे परीक्षण

गेले वर्षभर मी एक घरगुती, एकसुई एम्ब्रॉयडरी मशीन वापरते आहे. कापड धरून ठेवणारी १३० × १८० मिलिमीटरची मोठी रिंग, १०० × १०० मिलिमीटरची लहान रिंग, मिनिटाला ६५० टाक्यांपर्यंतचा वेग, स्पर्शाने चालणारा छोटा पडदा आणि पेन ड्राइव्हवरून नक्षी घेण्याची सोय, असे त्याचे साधारण रूप आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या वर्गातील यंत्रांची रचना इतकी सारखी असते की पुढे लिहिलेले गुणदोष थोड्याफार फरकाने इतर यंत्रांनाही लागू पडतील. माझे मत आधीच सांगते. यंत्र म्हणून ते चांगले आहे. मात्र टाका बिघडला की पडदा आणि माहितीपुस्तिका जे सांगतात, ते बहुतेक वेळा अपुरे आणि काही वेळा चक्क चुकीच्या दिशेने नेणारे असते.

चांगल्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. सुईत दोरा ओवणारी कळ विश्वासू आहे, आवाज बेताचा आहे, आणि मध्येच दोरा तुटला तर नक्षी हवे तितके टाके मागे नेऊन पुन्हा सुरू करता येते. भरीव टाक्याची वीण दाट आणि एकसारखी येते. तक्रार करावी असे या भागात मला काही आढळले नाही.

पहिली मोठी अडचण नवशिक्या प्रत्येकाला येते तीच मलाही आली. चार-सहा टाके पडतात न पडतात तोच यंत्र घरघरते, कापड सुईपाशी अडकते आणि रिंग उचलून पाहावी तर खाली दोऱ्याचा मोठा झुबका साचलेला असतो. झुबका खाली दिसतो म्हणून संशय बॉबिनवर, म्हणजे खालचा दोरा गुंडाळलेल्या छोट्या चकरीवर जातो. आपण बॉबिन काढतो, पुन्हा बसवतो, आणि पुन्हा झुबका होतो. वास्तविक खाली साचलेला तो दोरा वरच्या रिळाचा असतो, हे दोन दोऱ्यांचे रंग वेगळे असले की लगेच कळते. टाका तयार होताना हुक वरच्या दोऱ्याचा फास पकडून तो बॉबिनभोवती फिरवतो आणि टेक-अप लिव्हर, म्हणजे वर-खाली होणारी दांडी, तो फास वर ओढून आवळतो. वरच्या दोऱ्याला ताणच नसेल, तर लिव्हर फास आवळण्याऐवजी रिळावरून नवा दोरा खेचत राहतो आणि सुटे फास खाली जमत जातात.

ताण का नसतो, याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे प्रेसर फूट (सुईपाशी कापड दाबणारा भाग) खाली असताना दोरा ओवणे. फूट खाली केले की ताण देणाऱ्या दोन चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोरा त्यांच्यामध्ये शिरण्याऐवजी नुसता वरवर टेकतो. पुस्तिकेत ‘फूट वर उचला’ असे एक वाक्य आहे, नाही असे नाही; पण खरी गफलत पहिल्यांदा दोरा ओवताना होत नसून नक्षीच्या मध्यावर दोरा तुटल्यावर होते, कारण त्या वेळी फूट खालीच असते आणि आपल्याला घाई असते. अशा वेळी पडद्यावर येते ते एवढेच: ‘वरचा दोरा तपासा’. हा सल्ला खोटा नाही, पण दोरा तर डोळ्यांना नीट ओवलेला दिसत असतो. मग तपासायचे काय? याऐवजी फूट वर केल्याचे एक लहानसे चित्र दाखवले असते तरी माझे बरेच कापड वाचले असते. मी आता स्वतःची एक चाचणी करते. फूट वर ठेवून सुईपाशी दोरा ओढला तर तो सहज यायला हवा, आणि फूट खाली करून ओढला तर सुई किंचित वाकेल इतका अडायला हवा. दोन्ही वेळा तो सारखाच सहज आला, तर दोरा चकत्यांत बसलेला नाही, हे निश्चित. क्वचित दोरा नीट ओवलेला असूनही असेच होते. तेव्हा चकत्यांच्या आत जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा तूस अडकलेले असते, आणि फूट वर करून तूस न सोडणाऱ्या पातळ कापडाची घडी त्यांच्यामधून फिरवली की ते निघते.

माझा दुसरा आक्षेप पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवरील दोषांच्या तक्त्यावर आहे. सैल टाका असो, तुटणारा दोरा असो की चुण्या पडलेले कापड असो, जवळपास प्रत्येक तक्रारीसमोर पहिला उपाय ‘ताण कमी-जास्त करा’ असा दिलेला आहे. माझ्या अनुभवात तो शेवटचा उपाय असायला हवा. दोरा चुकीचा ओवलेला असताना किंवा सुई बोथट झालेली असताना ताण बदलला, तर मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर चुकीच्या ताणाचा दुसरा दोष चढतो. पुढे सुई बदलली तरी टाका सुधारत नाही, आणि मग नेमके काय चुकले होते हे शोधणे अवघड होऊन बसते. ताण खरोखर बिघडला आहे का, हे ओळखण्याची सोपी खूण साटिन टाक्याच्या, म्हणजे शेजारी-शेजारी दाट टाक्यांनी भरलेल्या पट्टीच्या, उलट्या बाजूला असते. काही मिलिमीटर रुंदीची पट्टी भरून कापड उलटे करावे; मधल्या साधारण एक तृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा दिसला, तर ताण योग्य आहे. पांढरे काहीच दिसले नाही, तर वरचा दोरा सैल आहे. सुलट्या बाजूला पांढरे ठिपके डोकावू लागले, तर वरचा ताण जास्त आहे, किंवा बॉबिनचा दोरा तिच्या केसमधील, म्हणजे ती बसते त्या डबीतील, ताण देणाऱ्या पत्तीखाली गेलेलाच नाही. बहुधा दुसरेच खरे असते, म्हणून बॉबिन काढून पुन्हा नीट बसवावी. ही खूण तक्त्यात एका चित्रासह देता आली असती, पण पुस्तिकेत ती कोठेही नाही.

बॉबिनबाबत एक अपेक्षा मात्र रास्त आहे आणि पुस्तिका ती स्पष्टपणे सांगते: खाली भरतकामासाठीचा बारीक बॉबिन दोराच वापरावा आणि त्याच मापाची बॉबिन घ्यावी. शिवणकामाचा नेहमीचा दोरा त्यापेक्षा जाड असतो. तो पत्तीखाली अधिक घट्ट बसतो आणि वरचा दोरा उलट्या बाजूला जास्त ओढला जाऊन टाक्याचा तोल बिघडतो. दिसायला सारख्या पण उंचीला किंचित कमी असलेल्या बॉबिन मी काटकसर म्हणून एकदा आणल्या होत्या. त्या केसमध्ये खडखडत राहिल्या आणि टाका कधी घट्ट, कधी सैल पडू लागला.

दोरा वारंवार तुटत असेल, तर तुटलेले टोक पाहावे. ते झाडूसारखे पिंजारलेले असेल, तर दोरा कोठेतरी घासला जातो आहे. ती जागा बहुतेक वेळा सुईचे नेढे असते. ४० नंबरच्या नेहमीच्या भरतकामाच्या दोऱ्याला ७५/११ ची एम्ब्रॉयडरी सुई चालते. तिचे नेढे साध्या सुईपेक्षा मोठे असते, आणि सोबत आलेल्या सुया याच मापाच्या आहेत, ही जमेची बाजू. पण सुई किती वेळाने बदलावी, याबद्दल पडदा मौन पाळतो. यंत्र प्रत्येक नक्षीचे टाके मोजते, तिला लागणारा वेळही दाखवते. मग सुईचे तास मोजून आठवण करून देणे त्याला अशक्य नव्हते. मी सुमारे 8 तासांच्या कामानंतर सुई बदलते, आणि दाट नक्षी किंवा जाड कापड असेल तर त्याआधीही.

याच तक्रारीपायी सेवा केंद्राचा अनुभव आला, आणि तो समाधानकारक नव्हता. नवी सुई घालूनही दोरा दर दोन-तीनशे टाक्यांनी पिंजारून तुटत होता. तेथे ‘टायमिंग सरकले आहे’ असे निदान झाले, यंत्र 11 दिवस ठेवून घेतले गेले, आणि परत आल्यावर दोरा पूर्वीसारखाच तुटू लागला. हुक आणि सुई यांचा मेळ खरोखर बिघडला असता, तर नव्या सुईनेही हरेक कापडावर टाके सुटले असते. येथे टाके सुटत नव्हते, केवळ दोरा झिजत होता. शेवटी नीडल प्लेटच्या, म्हणजे सुईखालच्या धातूच्या पट्टीच्या, छिद्राच्या कडेवरून मी जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा फिरवला, तेव्हा तो एका जागी अडकला. पूर्वी एकदा सुई मोडून प्लेटवर आपटली होती, तेव्हा तेथे बारीक ओरखडा उठला होता. प्लेट बदलली आणि प्रश्न संपला.

टी-शर्टसारख्या विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडावर टाके सुटणे हा वेगळा प्रकार आहे. तेथे गोल टोकाची बॉलपॉइंट सुई, मागे कापून टाकायचा, म्हणजे कट-अवे स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारा अस्तरासारखा थर) आणि थोडा कमी वेग एवढे पुरते. टॉवेलवर लव टाक्यांतून वर येते, त्यासाठी वरून पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा ठेवावा.

देवनागरी अक्षरे भरणाऱ्यांना सर्वाधिक मनस्ताप देणारी अडचण मात्र कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. या यंत्रात देवनागरी अक्षरसंच नाही, त्यामुळे नक्षी बाहेरून आणावी लागते, आणि अशा अनेक नक्ष्यांत आधी सगळी अक्षरे भरली जाऊन शेवटी शिरोरेषा एका सलग साटिन पट्टीने ओढली जाते. तोपर्यंत टाक्यांनी कापड आपल्याकडे ओढून घेतलेले असते. परिणामी अक्षरे शिरोरेषेला टेकत नाहीत आणि मध्ये कापडाची बारीक फट दिसते. मला बराच काळ हा यंत्राचा दोष वाटत होता. रिंग हलवणाऱ्या गाड्यात काही ढिलाई असावी, असेही मी ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात दोष माझ्या रिंग लावण्यात होता. रिंग आवळल्यानंतर कापडाच्या कडा धरून ते खेचून घट्ट करण्याची मला सवय होती; असे खेचलेले कापड, विशेषतः उरेब दिशेने, रिंगमधून सुटताच पूर्ववत होते आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. कापड आणि स्टॅबिलायझर एकत्रच, मूळ विणीत सरळ ठेवून रिंगमध्ये बसवायचे आणि आवळल्यावर हात लावायचा नाही, असे केल्यावर फट निम्म्याहून कमी झाली. उरलेली फट नक्षी बनवणाऱ्याने ओढीची भरपाई धरली नसल्याची होती. शिरोरेषा थोडी रुंद करून घेतल्यावर तीही गेली. तयार नक्षी पडद्यावर लहान-मोठी करण्याची सोय येथे आहे, पण टाक्यांची संख्या तीच राहत असल्याने फार लहान केली की वीण अति दाट होते, कापड ताठ होते आणि सुई मोडू शकते. मी या सोयीचा वापर दहा टक्क्यांपुढे करत नाही.

देखभाल सोपी आहे. प्लेटचे दोन स्क्रू काढले की बॉबिनभोवतीचा भाग मोकळा होतो आणि सोबतच्या ब्रशने तूस निघते. हवेचा फवारा मात्र मारू नये, त्याने तूस आणखी आत जाते. ‘बॉबिन संपत आली’ ही सूचना अर्धी बॉबिन शिल्लक असताना येऊ लागली, तर समजावे की सफाईची वेळ झाली आहे.

ज्यांना थोडे शोधत बसण्याची तयारी आहे, त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. पडद्यावरील सूचनांवर विसंबून काम करायचे असेल, तर ते जड जाईल. पाचपैकी साडेतीन गुण. मी झाकणाच्या आतल्या बाजूला स्वतःचा क्रम लिहून चिकटवला आहे: वरचा दोरा पुन्हा ओवणे, बॉबिन पुन्हा बसवणे, सुई बदलणे, तूस काढणे, रिंग पाहणे, आणि मग ताण. तो कागद लावल्यापासून ताणाचा आकडा मी दोनदाच बदलला आहे, आणि दोन्ही वेळा चमकी दोऱ्यासाठी.