कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवलं: आठ महिने, ६,४०० किलोमीटर आणि एक गंजलेला बोल्ट

किल्ली 'ऑन'वर फिरवली की मागे टाकीजवळून दोन सेकंद बारीक 'ऊंऽऽ' असा आवाज येतो. पेट्रोलचा पंप दाब भरतो आणि थांबतो. मग सेल्फ मारायचा. आता इतकी सवय झाली आहे की तो आवाज ऐकल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. दोन-अडीच महिन्यांपूर्वी भर पावसात, मागे सामान भरलेलं असताना किल्ली फिरवली आणि आवाज आलाच नाही. त्याच रात्री रागाच्या भरात हे लिहायला बसलो होतो. मधल्या काळात माझं मत दोनदा बदललं, म्हणून जसं घडलं तसंच सांगतो.

गाडी १९७८ची फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक. ४.९ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि त्यावर कार्टरचा एका बॅरलचा कार्बोरेटर, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा भाग. हेच इंजिन १९८७पासून कंपनीतूनच इंजेक्शन (पंपाच्या दाबाने, कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणं) घेऊन यायला लागलं, तेव्हा इंजिनाला इंजेक्शन मानवेल का ही शंका नव्हती. त्या काळातले सुटे भाग शोधत बसण्यापेक्षा मी तयार किट घेतलं: अडॅप्टर प्लेट, थ्रॉटल बॉडी (कार्बोरेटरच्या जागी बसणारा भाग), कॉम्प्युटर, सायलेन्सरच्या पाइपात बसणारा ऑक्सिजन सेन्सर आणि चासीवर बसणारा इलेक्ट्रिक पंप.

कार्बोरेटरने मला खूप वर्षं साथ दिली, त्याला नावं ठेवणार नाही. पण तो सांभाळायला वेळ जायचा. थंडीत चोक, दोनदा ॲक्सिलेटर, मग इंजिन गरम होईपर्यंत पाय काढायचा नाही. त्याहून वाईट म्हणजे तापलेली गाडी पंधरा मिनिटं उभी केली की इंजिनाच्या उष्णतेने कार्बोरेटरच्या बाउलमधलं, म्हणजे छोट्या वाटीतलं, पेट्रोल उकळून खाली इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, मॅनिफोल्डमध्ये, उतरायचं. नंतर सेल्फ मारत बसा, पेट्रोलचा वास घेत. आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून महिनाभर गाडी उभी राहिली की बाउलच्या तळाशी पांढुरका थर दिसायचा. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचं भोक ठरलेलं असतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१. त्या फरकाची कार्बोरेटरला खबरच नसते, गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते आणि चढावर ओढत नाही.

इंजेक्शनवरचे पहिले चार महिने तर मी ज्याला त्याला हेच सांगत होतो. पहाटेच्या थंडीत पहिल्या सेल्फला गाडी चालू. तापलेली असो, गार असो, आयडलिंग सारखंच. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरवर हवा जवळपास १८ टक्के विरळ होते. तिथे जुना कार्बोरेटर रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) होऊन काळा धूर सोडायचा आणि मी जेट बदलायला खाली उतरायचो. आता ते काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात, मला समजतही नाही. ॲव्हरेज ५.४ वरून ६ वर आलं. प्रत्येक वेळी टाकी गळ्यापर्यंत भरून वहीत लिहिलेले आकडे आहेत, अंदाज नाही. ६,४०० किलोमीटरमध्ये ११८ लिटर पेट्रोल वाचलं. यातून किटची किंमत वसूल व्हायला खूप वर्षं लागतील. निव्वळ पैसे वाचवायला कोणी हे करणार असेल तर करू नये.

आणि मग तो पावसातला दिवस. कार्बोरेटर बिघडतो तेव्हा आधी कुरकुरतो. गचके खातो, वास सोडतो, चढावर दम टाकतो, पण रडतखडत घरी पोचवतो. रस्त्याच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हरने वरचं झाकण काढून, जेट फुंकून मी किती वेळा पुढे गेलो आहे. इथे काहीच नाही. आवाज नाही म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे गाडी नाही. फ्यूज बघितला, शाबूत. रिले टिकटिकत होता. पंपाचा कनेक्टर काढून मीटर लावला तर १२.५ व्होल्ट. वीज येते आहे आणि पंप फिरत नाही, म्हणजे पंप गेला, असा मी निष्कर्ष काढला. गाडी ओढून आणावी लागली.

किट विकणाऱ्यांना फोन केला. पंप काढून पाठवायला सांगितलं. दहा दिवसांनी तो तसाच परत आला, सोबत एक ओळ: टाकीतली घाण पंपात गेली आहे, वॉरंटीत बसत नाही. यावर मी खरंच भडकलो. पंपाच्या आधीचा फिल्टर हॅक्सॉने उभा कापला, आतला कागद काढून पांढऱ्या फडक्यावर पसरला. घडीघडीत बोट फिरवलं. पेट्रोलचा पिवळसर रंग चढलेला, बाकी एक कणही नाही. फोटो पाठवले. उत्तर पुन्हा तेच. शेवटी नवा पंप स्वतःच्या पैशांनी घेतला, जवळपास १२० लिटर पेट्रोलाच्या किमतीचा. म्हणजे आठ महिन्यांत जेवढं वाचलं, ते सगळं त्या एका पंपात गेलं. इथवर माझं मत पक्कं होतं: जुन्या ट्रकला कार्बोरेटरच बरा.

नवा पंप लावल्यावर गाडी चालू झाली. पण आवाज खालच्या सुरात यायचा. पहिल्या चार महिन्यांतला 'ऊंऽऽ' माझ्या कानात बसला होता, हा त्याच्याखाली होता. घरच्यांना फरक कळेना. मला कळत होता. तीन आठवड्यांत भरल्या गाडीने चढावर गचके खायला सुरुवात केली. दाब मोजायचा गेज लावला तर ५८ पीएसआयच्या (दाबाचं एकक) जागी ४० दिसत होते.

वायरिंगचं काम करणाऱ्या एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "कनेक्टर काढून व्होल्टेज बघून काय उपयोग? पंप चालू ठेवून बघ. आणि अर्थ बघितलास का?"

पंप चालू ठेवून मीटर लावला: ९.६ व्होल्ट. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं पंपाच्या अर्थच्या, म्हणजे पंपातून वीज परत नेणाऱ्या, वायरवर धरलं. तिथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. आले २.९. पंपाला मिळायला हवी ती वीज चासीवरच्या एका बोल्टपाशी अडत होती. बोल्ट खोलला. थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) तपकिरी पूड, त्याखाली जुना रंग. मी किट बसवताना तो अर्थ त्याच बोल्टवर घेतला होता, कारण पुस्तिकेत 'चासीला अर्थ द्यावा' एवढीच ओळ आहे. कनेक्टर काढलेला असताना करंटच वाहत नाही, म्हणून पहिल्या दिवशी मीटर १२.५ दाखवत होता. पावसाने उरलासुरला संपर्कही नावापुरता ठेवला होता. नवा पंप लावताना वायर हलली, थोडा संपर्क जुळला, म्हणून तीन आठवडे कसेबसे निघाले.

पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, व्हॅसलीन लावलं आणि पंपासाठी बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी जाड वायर ओढली. आता ०.०६ येतात. सूर पुन्हा वर गेला, दाब ५८ वर स्थिर. 'निकामी' म्हणून परत आलेला जुना पंप क्षणभर थेट बॅटरीला लावला. व्यवस्थित फिरला. सीटखाली स्पेअर म्हणून ठेवला आहे.

म्हणून कार्बोरेटर परत लावणार नाही. कार्बोरेटरच्या वेळचा पंप इंजिनाच्या कॅमवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर) चालायचा, पाच-सहा पीएसआय द्यायचा. त्याला वायर लागत नव्हती, बोल्टला गंज चढला तरी त्याचं काही अडत नव्हतं. इंजेक्शनचा पंप त्याच्या दहापट दाब देतो आणि तो सगळा जुन्या वायरिंगच्या जिवावर. साध्या रबरी नळ्या काढून या दाबाच्या नळ्या आणि क्लिपा टाकायला मला कोणी सांगावं लागलं नाही. अर्थचा विचार मात्र मनात आला नाही आणि विकणाऱ्यांनीही तो आणून दिला नाही.

माझ्याकडून इंजेक्शनला पाचपैकी साडेचार. किट विकणाऱ्यांना दोन, कारण मीटर न लावता त्यांनी घाणीचं कारण ठोकून दिलं. चालू पंपावर अर्थ कसा मोजायचा हे एक पान पुस्तिकेत घाला म्हणून मी त्यांना आकडे आणि फोटो पाठवून तीन आठवडे झाले. उत्तर नाही. ते पान छापलं तर तिसरा तारा देईन.